पाटणकरांचे पुस्तक आज वाचताना : प्रक्षुब्ध प्रवाह आणि तीन प्रकारच्या त्रुटी

पुस्तक : ‘न्यूमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’
लेखक : सुहास व्ही. पाटणकर
प्रकाशन : हेमिस्फिअर, १९८०

प्रवाहाचे संगणकीय गणित, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘सीएफडी’ म्हणतो, ते शिकताना पाटणकरांचे नाव लवकरच कानावर पडते. सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंपल’ नावाचा पर्याय निवडला की त्यामागे याच पुस्तकातले गणित चालू होते. पण पर्याय निवडणारे पुष्कळ आणि पुस्तक वाचणारे थोडे, अशी आजची स्थिती आहे. या पुस्तकाने काय उत्तम शिकवले, कोणती गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि प्रक्षुब्ध (टर्ब्युलंट) प्रवाहावर काम करणाऱ्याने ते आज कसे वाचावे, हे या टिपणात पाहू.

१. लेखक आणि पार्श्वभूमी

सुहास पाटणकर मूळचे पुण्याचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी, आयआयटी मुंबईतून १९६४ साली पदव्युत्तर पदवी आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९६७ साली पीएच.डी. असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास आहे. पीएच.डी.चे मार्गदर्शक होते ब्रायन स्पाल्डिंग. या गुरुशिष्यांनी १९७२ साली ‘सिंपल’ ही रीत प्रसिद्ध केली. पुढे पाटणकर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तेथे असताना १९८० साली हे पुस्तक आले.

पुस्तक दोनशे पानांच्या आत संपते. नऊ प्रकरणे आहेत. उष्णतावहनापासून सुरुवात होते, मग वाहत्या द्रवाबरोबर होणारे वहन आणि सहाव्या प्रकरणात खुद्द प्रवाहाचे गणित. लेखक एकेक पायरी बांधत वर जातो. गणित कमी आणि भौतिक अर्थ जास्त, हे त्याचे धोरण शेवटपर्यंत टिकते.

२. पुस्तकाची ताकद

पाटणकरांचे चार मूलभूत नियम प्रसिद्ध आहेत. त्यातला दुसरा पाहा : समीकरणातले सर्व सहगुणक धन असले पाहिजेत. याचे कारण पुस्तक प्रमेय मांडून देत नाही. ते साध्या अनुभवावर बोट ठेवते. शेजारचा बिंदू तापला आणि बाकी काही बदलले नाही, तर आपला बिंदू थंड होऊ शकत नाही. सहगुणक ऋण झाला तर संगणक नेमके तेच अशक्य उत्तर देईल. एकदा हे समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

दाबाच्या बाबतीतही तसेच. एका रांगेतल्या बिंदूंवर दाब १००, ५००, १००, ५०० असा असेल, तर खऱ्या द्रवात केवढी उलथापालथ होईल! पण एक बिंदू सोडून पुढचा घेऊन फरक काढला तर तो शून्य येतो आणि संगणकाला दाब सगळीकडे सारखाच वाटतो. म्हणून पाटणकर वेग आणि दाब वेगवेगळ्या जागी मोजणारी सरकवलेली जाळी (स्टॅगर्ड ग्रिड) वापरतात. आजची बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही राशी एकाच जागी ठेवतात आणि १९८३ साली ऱ्ही आणि चाऊ यांनी सुचवलेल्या दुरुस्तीने हा दोष टाळतात. उपाय बदलला तरी दोष तोच आहे आणि तो समजून घ्यायला आजही याच पुस्तकाकडे यावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोणत्याही सिम्युलेशनमध्ये तीन प्रकारच्या त्रुटी असतात. पहिली पुरेशा फेऱ्या केल्या की जाते. दुसरी जाळी बारीक करत गेले की कमी होते. तिसरी फेऱ्या वाढवून जात नाही आणि जाळी बारीक करूनही जात नाही. हे पुस्तक पहिलीवर निर्णायक आहे, दुसरीवर वादग्रस्त आहे आणि तिसरीबद्दल एक मोलाचा इशारा देऊन थांबते.

३. पहिली त्रुटी : फेऱ्यांबरोबर जाणारी

न दाबल्या जाणाऱ्या द्रवात दाबासाठी वेगळे समीकरण नसते, ही मूळ अडचण. ‘सिंपल’ रीत दाबाचा अंदाज घेते, त्यावरून वेग काढते, प्रत्येक चौकोनात वस्तुमानाचा हिशेब जुळतो का ते तपासते आणि जुळत नसेल तर दाबात दुरुस्ती करते. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्तीचे सूत्र काढताना पाटणकर एक पद सरळ गाळून टाकतात : शेजारच्या वेगांच्या दुरुस्तीचा परिणाम. वर्गात हमखास शंका येते की एवढे पद गाळले तर उत्तर चुकणार नाही का? पाटणकरांचे उत्तर चोख आहे. हिशेब पूर्ण जुळला की दुरुस्ती शून्य होते, म्हणून गाळलेले पदही शून्य होते. वाट थोडी लांबते, पण मुक्काम बदलत नाही. वेगासाठी ०.५ आणि दाबासाठी ०.८ असे सौम्यीकरणाचे (अंडर-रिलॅक्सेशनचे) आकडे ते सुचवतात, तेही वाटेपुरतेच. कोणते गृहीतक अंतिम उत्तराला स्पर्श करते आणि कोणते करत नाही, हा विवेक या प्रकरणातून शिकण्यासारखा आहे.

४. दुसरी त्रुटी : जाळीबरोबर कमी होणारी

प्रवाह जाळीच्या रेषांना तिरका जात असेल आणि आपण प्रथम कोटीची ‘अपविंड’ पद्धत वापरत असू, तर एक खोटी श्यानता तयार होते. पाटणकर तिला खोटे विसरण (फॉल्स डिफ्युजन) म्हणतात आणि तिच्या अंदाजाचे सूत्रही देतात. चौरस जाळी आणि ४५ अंशांचा प्रवाह असेल तर ते सूत्र सोपे होते : वेग गुणिले चौकोनाची बाजू, भागिले २.८३.

आकडे घालून पाहू. साधारण १४ सेंटिमीटर रुंदीच्या हवेच्या नळीत वेग १० मीटर प्रति सेकंद आहे. जाळीचा चौकोन १ सेंटिमीटरचा आहे आणि वळणापाशी प्रवाह जाळीला ४५ अंशांनी छेदतो. खोटी श्यानता येते सुमारे ०.०३५ चौरस मीटर प्रति सेकंद. हवेची खरी श्यानता साधारण ०.००००१५. म्हणजे खोटी श्यानता खरीच्या सुमारे २,३०० पट झाली.

यावर कोणी म्हणेल की प्रक्षुब्ध प्रवाहात मॉडेलची श्यानताही मोठीच असते. खरे आहे, तीही काढू. वेगाच्या चढउताराची तीव्रता १० टक्के आणि भोवऱ्यांचा आकार १ सेंटिमीटर धरला, तर के-एप्सिलॉन मॉडेलची प्रक्षुब्ध श्यानता येते सुमारे ०.००६७. जाळीने निर्माण केलेली श्यानता तिच्या पाचपट आहे! अशा जाळीवर एका विद्यार्थ्याने दोन प्रक्षुब्धता मॉडेले लावली आणि ‘दोघांची उत्तरे जवळपास सारखी, म्हणून दोन्ही विश्वासार्ह’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने मॉडेलांची तुलना केलेलीच नाही. दोन्ही वेळा उत्तर जाळीने दिले आहे.

येथे पुस्तकाशी माझा मतभेद आहे. खोट्या विसरणाबद्दलची प्रचलित समजूत चुकीची आहे असे पाटणकर आग्रहाने मांडतात. टेलर श्रेणी पाहून अपविंड पद्धतीला नावे ठेवणे बरोबर नाही, जास्त वेगाला तीच पद्धत शहाणपणाची आहे, असा त्यांचा युक्तिवाद. एकमितीय प्रश्नात तो पटतो. तिरक्या प्रवाहातली अडचण तेही मान्य करतात. पण पुस्तकाचा एकंदर सूर वाचकाला निर्धास्त करणारा आहे. ‘पॉवर-लॉ’ पद्धत वापरा आणि पुढे चला, असाच अर्थ बहुतेक वाचकांनी घेतला. पुढे ‘जर्नल ऑफ फ्लुइड्स इंजिनीअरिंग’ या नियतकालिकाने १९८६ साली संख्यात्मक अचूकतेविषयी धोरण जाहीर केले. जाळीमुळे येणाऱ्या त्रुटीचा हिशेब न देणारे लेख स्वीकारणार नाही, असा त्याचा रोख होता. प्रक्षुब्ध प्रवाहाच्या संशोधनात ही शिस्त किती गरजेची होती, ते वरच्या पाचपटीवरून दिसते.

५. तिसरी त्रुटी : मॉडेलबरोबर राहणारी

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एक वर्गीकरण आहे. वाचक ते घाईने ओलांडतात, पण माझ्या मते तोच पुस्तकाचा गाभा आहे. पाटणकर प्रश्नांचे दोन गट करतात. ‘अ’ गटातील प्रश्नांचे पुरेसे गणिती वर्णन उपलब्ध आहे : उष्णतावहन, स्तरीय प्रवाह, साधे प्रक्षुब्ध सीमास्तर. ‘ब’ गटातील प्रश्नांचे पुरेसे वर्णन अजून हाती आलेले नाही : गुंतागुंतीचे प्रक्षुब्ध प्रवाह, काही द्विप्रावस्था प्रवाह, प्रक्षुब्ध ज्वलनात नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होणे. ‘ब’ गटात गणन कितीही नीट केले तरी ते वास्तवाशी जुळेल याची खात्री नसते, म्हणून प्रयोगाचा आधार हवा, असे ते स्पष्ट सांगतात. ‘पुरेसे’ कशाला म्हणायचे यावर गट ठरतो, हेही ते नोंदवतात.

मात्र दुसऱ्या प्रकरणात याच्या उलट परिणाम करणारी मांडणी येते. तापमान, रसायनाचे प्रमाण, वेग या सर्वांची समीकरणे एकाच साच्यात बसतात हे पाटणकर दाखवतात. साचा एक, म्हणून सोडवण्याची रीतही एक. ही कल्पना फार सोयीची आहे आणि सीएफडी सॉफ्टवेअरचा उद्योग बऱ्याच अंशी तिच्यावर उभा राहिला. पण त्याच साच्यात प्रक्षुब्धतेची गतिज ऊर्जाही येऊन बसते. वाचकाला वाटते की तापमानाचे समीकरण आणि प्रक्षुब्ध ऊर्जेचे समीकरण यांची विश्वासार्हता सारखीच आहे. पहिले ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमातून आले आहे. दुसऱ्याचा सांगाडा नियमातून आला असला, तरी त्यातली महत्त्वाची पदे अंदाजाने भरलेली आहेत. पुस्तकात प्रक्षुब्धतेवर स्वतंत्र प्रकरण नाही, त्यामुळे हा फरक कुठेच उलगडत नाही. पहिल्या प्रकरणात दिलेला इशारा दुसऱ्या प्रकरणाच्या सोयीखाली झाकला जातो. पुस्तकाची ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव.

फरक किती खरा आहे, ते आकड्यांतच पाहा. लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ साली मांडलेल्या के-एप्सिलॉन मॉडेलमध्ये पाच स्थिरांक आहेत : ०.०९, १.४४, १.९२, १.० आणि १.३. पन्नास वर्षांनंतरही सॉफ्टवेअरमध्ये हेच आकडे आधीपासून भरलेले असतात. ते निसर्गाचे स्थिरांक नाहीत. काही सोप्या प्रवाहांच्या मोजमापांशी जुळतील असे ते निवडले आहेत, आणि त्या सोप्या प्रवाहांतही ते पूर्ण जुळत नाहीत. भिंतीजवळच्या प्रवाहातला कारमानचा स्थिरांक मोजमापात साधारण ०.४१ मिळतो. मॉडेलप्रमाणे त्याचा वर्ग म्हणजे (१.९२ − १.४४) × १.३ × ०.३ = ०.१८७, म्हणजे स्थिरांक ०.४३. जाळीमागून वाहणाऱ्या हवेतली प्रक्षुब्धता विरत जाते, तिचा घातांक मॉडेलप्रमाणे १ ÷ ०.९२ = १.०९ येतो. प्रयोगांत तो साधारण १.२ ते १.३ मिळतो. स्थिरांक म्हणजे एक तडजोड आहे, एवढे यावरून लक्षात यावे.

अवघड प्रवाहात ही तडजोड आणखी महाग पडते. पायरीवरून खाली उतरणारा प्रवाह पायरीमागे सुटतो आणि काही अंतरावर पुन्हा जमिनीला लागतो. किम, क्लाइन आणि जॉन्स्टन यांच्या १९८० सालच्या प्रयोगात हे अंतर पायरीच्या उंचीच्या सुमारे ७ पट मिळाले. प्रमाणित के-एप्सिलॉन मॉडेल ते बहुधा ५ ते ६ पटच दाखवते. जाळी कितीही बारीक करा, फेऱ्या कितीही वाढवा, हा फरक हटत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

६. मोजमापाचे काम : बंगळुरूचे उदाहरण

मी शिकवतो तो महादेवपुरा भाग आणि त्याला लागून असलेले व्हाइटफील्ड येथे प्रवाहाचे सिम्युलेशन हा रोजचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. जनरल इलेक्ट्रिकचे जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र २००० साली याच बाजूला सुरू झाले. देशभरातून आलेली मुलेमुली येथील कार्यालयांत पडद्यावर जाळ्या विणत असतात. पण प्रवाहाशी या शहराचे नाते पडद्यांच्या आधीचे आहे आणि ते मोजमापाचे आहे.

सतीश धवन यांनी अमेरिकेत कॅल्टेक येथे पीएच.डी. करताना पृष्ठभागावरचे घर्षण थेट मोजणारे उपकरण बनवले. पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा बाकीच्यापासून मोकळा ठेवायचा आणि हवा त्याला किती ओढते ते मोजायचे, अशी त्यातली कल्पना. १९५१ साली ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तेथे त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहा यांनी स्तरीय प्रवाह प्रक्षुब्ध होताना काय घडते यावर काम केले. त्या संक्रमणपट्ट्यात प्रवाह काही क्षण स्तरीय आणि काही क्षण प्रक्षुब्ध असतो. किती टक्के वेळ प्रक्षुब्ध, याचे सूत्र नरसिंहा यांनी १९५७ साली दिले आणि १९५८ साली धवन व नरसिंहा यांचा ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मधला लेख आला.

त्या सूत्रात ०.४१२ हा आकडा आहे. तो जुळवून घेतलेला नाही. प्रक्षुब्धतेचे ठिपके एका अरुंद पट्ट्यातच जन्मतात असे गृहीतक आधी मांडले. मग २५ टक्के आणि ७५ टक्के या दोन बिंदूंमधले अंतर हे लांबीचे माप धरले, की साधारण ०.४१ हा आकडा आपोआप निघतो. संक्रमण कुठे सुरू होते आणि पट्टा किती लांब आहे, हे मात्र मोजमापातून यावे लागते. सूत्राने काय दिले आणि प्रयोगाने काय दिले, यातली रेघ तेथे स्वच्छ दिसते. मॉडेल कसे मांडावे याचा हा नमुना आहे. पाटणकर ‘ब’ गटाबद्दल जे एका परिच्छेदात सांगतात, ते येथे काम म्हणून केलेले आढळते.

७. मोठ्या संगणकाने प्रश्न सुटेल का?

संगणकाच्या बाबतीतही बंगळुरू मागे राहिले नाही. नरसिंहा संचालक असताना नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक खास प्रवाहाच्या गणितासाठी उभारला. पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ त्यानंतर, १९९१ साली आला.

मॉडेलच न वापरता सर्व भोवरे थेट सोडवायचे, अशी रीतही आहे. तिला डीएनएस म्हणतात. किम, मोईन आणि मोझर यांनी १९८७ साली दोन सपाट भिंतींमधला प्रवाह सुमारे ४० लाख बिंदूंवर सोडवला. ली आणि मोझर यांनी २०१५ साली तोच प्रश्न सुमारे १२,००० कोटी बिंदूंवर सोडवला. बिंदू ३०,००० पट झाले आणि भिंतीच्या घर्षणावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक १८० वरून ५,२०० पर्यंत, म्हणजे सुमारे २९ पट वाढला. तोही दोन सपाट भिंतींमध्ये, जिथे वळण नाही की पायरी नाही. टर्बाइनचे पाते किंवा मोटारीचा मागचा भाग रोजच्या आरेखनात अशा रीतीने सोडवणे अजून दूर आहे. तोवर मॉडेले राहणार आणि तिसरी त्रुटीही राहणार.

८. मूल्यमापन

एवढे सगळे म्हटल्यावर हे पुस्तक वाचावे का? अवश्य वाचावे आणि पहिल्या प्रकरणापासून वाचावे. सॉफ्टवेअरच्या आत काय चालते, हे इतक्या थोड्या पानांत इतके स्वच्छ सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या माहितीत नाही. मात्र त्याचे नाव ‘प्रवाह कसा सोडवावा’ असे मनात धरून वाचावे. ‘प्रक्षुब्ध प्रवाह कसा असतो’ हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी प्रयोगांवरचे लेख वाचावे लागतील.

हा भेद न केल्याचा परिणाम आपल्या पदवीच्या प्रकल्पांत दिसतो. अहवालात रंगीत चित्रे असतात, ‘उत्तर कन्व्हर्ज झाले’ असे वाक्य असते आणि त्यापुढे थेट निष्कर्ष येतो. कन्व्हर्ज झाले याचा अर्थ फक्त पहिली त्रुटी गेली. पुष्कळदा एका सिम्युलेशनची तुलना दुसऱ्या कोणाच्या सिम्युलेशनशी केली जाते. दोघांनी तेच मॉडेल वापरले असेल तर उत्तरे जुळणारच, त्यातून प्रवाहाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हीच मुले उद्या पंपाचा, चिमणीचा किंवा इंजिनाचा आराखडा मंजूर करणाऱ्या टेबलावर बसणार आहेत. तेथे सात आणि साडेपाच यांतला फरक कागदावर राहत नाही.

म्हणून प्रक्षुब्ध प्रवाहावरच्या प्रकल्पात निदान तीन गोष्टी लिहा. शेवटच्या शेकडो फेऱ्यांत तुम्हाला हवी असलेली राशी, उदाहरणार्थ दाबातली घट, स्थिर राहिली का? तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर ती किती बदलली? आणि कोणाच्या प्रत्यक्ष मोजमापाशी ती पडताळली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तसे लिहा, आणि दोन-तीन मॉडेले लावून उत्तर किती मर्यादेत हलते तेवढे तरी द्या. अनिश्चितता कबूल करणारा अहवाल परीक्षकाला कमी रंगीत वाटेल, पण पुढच्या माणसाला तो वापरता येईल.

स्वाध्याय

१. कलम ४ मधल्या उदाहरणात जाळीचा चौकोन २ मिलिमीटरचा केला तर खोटी श्यानता किती येईल? मॉडेलच्या प्रक्षुब्ध श्यानतेशी तिचे प्रमाण काढा.

२. कारमानचा स्थिरांक नेमका ०.४१ यावा असे वाटत असेल, तर १.४४ च्या जागी कोणता आकडा लागेल? बाकीचे स्थिरांक तसेच ठेवा.

३. नरसिंहा यांच्या सूत्रात प्रक्षुब्धतेचा वेळांश म्हणजे १ वजा ई चा (−०.४१२ × अंतराचा वर्ग) हा घात. वेळांश ०.२५ आणि ०.७५ असताना अंतर किती येते ते काढा आणि दोन्हींमधला फरक १ येतो का ते पाहा.

४. तुमच्या महाविद्यालयातील मागील वर्षाचा एक सीएफडी प्रकल्प घ्या. त्यातील प्रत्येक निष्कर्षापुढे लिहा : येथे तीनपैकी कोणत्या त्रुटी तपासल्या आहेत?